परांचीची भोकं

बाबा, इटलीतल्या एका गल्लीत उभी असताना तुमची इतकी आठवण आली की पाऊल पुढे पडेना. तुमची नात, माझी लेक, तिकडे नोकरीला आहे, तिच्याकडे गेले होते. शेकडो वर्षांपूर्वीची गल्ली ती, दोन माणसं जेमतेम शेजारून जातील एवढी. दोन्ही बाजूंना दगडी घरं, खाली कमानी आणि वरचा मजला लाकडी तुळयांवर रस्त्यात डोकावलेला. तुम्ही असतात तर आधी एक डोळा मिटून भिंत सरळ ओळंब्यात आहे का ते पाहिलं असतंत. मग कमानीखाली उभे राहून म्हणाला असतात, ‘ह्यो मधलो दगड जेनी बसवल्यान, तेचे पाय धुवन पाणी पिवक होया.’ मी एकटीच हसले. नात म्हणाली, ‘काय गं आई?’ म्हटलं, काही नाही.

त्या भिंतींवर चौकोनी भोकं होती. रांगेत, सारख्या अंतरावर. वालावल गावातलं ते काम आठवतं ना? चिऱ्याचं घर, तुम्ही उन्हातान्हात खपून उभं केलेलं. मी नुकती इंजिनियर झालेली, अंगात वारं शिरलेलं. चढून काम करायची परांची उतरवली तरी तिच्या बांबूंची भोकं भिंतीत तशीच, म्हणून मी घरमालकासमोर तुम्हाला विचारलं, ‘हे अर्धवट काम असंच सोडून जाणार आहात का?’ तुम्ही थापी पुसत म्हणालात, ‘चुकान रवलेली नायत गो ती, ठेवलेली आसत. उद्या कौलां काढूची झाली तर फुडल्या माणसान परांची खंय बांधूची?’ म्हणे फुडलो! मी कसली ऐकतेय. साप शिरतील म्हटलं. तुम्ही सिमेंट कालवलंत आणि एकेक भोक स्वतःच्या हाताने बुजवलंत. घरी आल्यावर आई माझ्यावर तापली, तर उलट तिलाच म्हणालात, ‘चेडवाक बोलूक दी, शिकलेला आसा ता.’ आणि बांगड्याची मोठी तुकडी माझ्या ताटात सरकवलीत.

गेल्या वर्षी त्या घराचं छप्पर उतरवलं. परांचीला आधार कुठेच मिळेना, तेव्हा गड्यांनी पहारीने भिंत फोडली. मी मुद्दाम बघायला गेले होते. तडकलेले चिरे पाहून तिथेच पायरीवर बसले आणि रडले.

तर त्या गल्लीत आमच्या घोळक्याला फिरवणाऱ्या गाईडबाईने सगळ्यांना विचारलं, ही भोकं कशाला? कोणी म्हणालं कबुतरांसाठी, कोणी म्हणालं तोफगोळ्यांची. मला राहवेना. मी मराठीत बोलले, नातीने तिला समजावलं: पुढच्या माणसाला डागडुजीसाठी परांची बांधता यावी, म्हणून ती मुद्दाम ठेवलीत. बाईने चक्क टाळ्या वाजवल्या. मग विचारलं, ‘तुम्हाला कसं माहीत?’

नात माझ्याकडे बघत होती. आणि मी म्हणाले, ‘कुठेतरी वाचलं होतं, सांग तिला.’

तिने तुम्हाला पाहिलेलं नाही, बाबा. आजोबा कॉन्ट्रॅक्टर होते, मोठमोठी कामं घेत, असं मीच तिला लहानपणापासून सांगत आले. गवंडी हा शब्द तिच्यासमोर माझ्या तोंडून कधी निघाला नाही. तुम्ही चिरे उचलून मला शिकवलंत आणि मला तुमच्या थापीची लाज वाटली. जळो ते शिक्षण! तुमच्याएवढं शहाणं माणूस मला पुढे कुठल्याच साइटवर भेटलं नाही, हे तुम्हाला एकदा तरी तोंडावर सांगायला हवं होतं.

हे पत्र तुम्हाला पोचायचं नाही, तेवढं मला कळतं. ते तिलाच द्यायला हवं. ती आता सुट्टीवर घरी आली आहे, आतल्या खोलीत बसली आहे. कागद हातात घेऊन दोनदा दारापर्यंत गेले, आणि दोन्ही वेळा ‘चहा घेतेस का गो?’ एवढंच विचारून परत आले.