आबा आऊट

ती. ताईस,

धाकट्या भावाचा साष्टांग नमस्कार. (गुडघे हल्ली वाकत नाहीत, त्यामुळे खुर्चीत बसूनच घातला आहे, भावना आडवी पडली आहे असं समज.) तुझं बीपी कसं आहे? नवी कवळी बसली का, की अजून पाहुणे आल्यावरच लावतेस? इकडे सगळे बरे आहेत, माझी कंबर सोडून. ती का धरली हे सांगायलाच पत्र लिहायला बसलो, तेव्हा चष्मा लाव आणि जरा दमाने घे.

भुंग्याच्या बालवाडीत खेळांचा दिवस होता. (तू तिला पाहिलंस तेव्हा ती पाळण्यात होती. आता चार वर्षांची झाली आहे, आणि माझ्या नातीला सगळे भुंगा का म्हणतात हे तुला फोनवर मागून येणाऱ्या आवाजावरून कळलंच असेल.) तिथल्या मोठ्या बाईंचा निरोप आला, की संगीत खुर्चीसाठी छोट्या खुर्च्या हव्यात, आणि दर वेळी एक खुर्ची काढून घ्यायचा मान आजोबा म्हणून तुमचाच. आता खुर्च्या भाड्याने देण्यात माझी उभी हयात गेली. माणसं कुठेही जमली की त्यांच्या खाली मी असतो. (हे वाक्य दुकानाच्या पाटीवर लिहिणार होतो, सूनबाईंनी अडवलं.) पण खुर्ची परत घ्यायचा मान कुणी दिला नव्हता. मी इस्त्रीचा शर्ट घातला, टेम्पो मैदानाच्या कडेला लावला, लाल-पिवळ्या खुर्च्या पाठीला पाठ लावून मांडल्या आणि एकेक हलवून पाहिली. चारही पाय जमिनीला टेकल्याशिवाय मी खुर्ची सोडत नाही. उरलेल्या तशाच टेम्पोत ठेवल्या. हे मुद्दाम सांगतो, कारण पुढे तेच अंगाशी आलं.

गाणं सुरू झालं. मुलं गोल फिरू लागली. पालक दोरीपलीकडून ओरडत होते, त्यातले एक वडील तर असे, की त्यांना आत सोडलं असतं तर स्वतःच खुर्ची पकडून बसले असते. मुलांमध्ये ढब्बू नावाचा एक गुबगुबीत मुलगा होता. तो खुर्चीकडे बघतच नव्हता. डोळे मिटून, दोन्ही हात वर करून, मान हलवत असा काही नाचत होता, की ते गाणं त्याच्यासाठीच लावलंय असं वाटावं. मी ठरल्याप्रमाणे एक खुर्ची हळूच काढली. गाणं थांबलं. सगळी बसली. ढब्बू आणखी थोडा नाचला, मग त्याने डोळे उघडले आणि आपली खुर्ची शोधत हसत हसत पूर्ण फेरी मारली. खेळाच्या बाईंनी शिट्टी फुंकली आणि म्हणाल्या, “ढब्बू आऊट!” त्याला ते कळलंच नाही. आधी त्याने अजून थोडं हसून पाहिलं. मग त्याचा खालचा ओठ बाहेर आला.

भुंगा उठली ती तरातरा माझ्याकडे आली. मला वाटलं, पाणी हवं असेल.

“आबा, त्याची खुर्ची दे.”

मी म्हटलं, “अगं, खेळच तसा असतो. एक कमी करायची, मग एक जण बाहेर.”

“पण टेम्पोत खूप आहेत की.”

ताई, तू जन्मभर मुलांना शिकवलंस, तुझ्याकडे याला काहीतरी उत्तर असेल. मी तिला सांगितलं की बाळा, जगात सगळ्यांना खुर्ची मिळतेच असं नाही, सवय करावी लागते वगैरे. (हे बोलताना माझ्या मागे टेम्पोत खुर्च्या छतापर्यंत रचलेल्या होत्या.) तिने माझं सगळं शांतपणे ऐकून घेतलं, आणि मग कमरेवर हात ठेवून विचारलं, “खुर्ची कुणी काढली?”

“मी.”

“मग आऊट तू!”

बाकीच्यांना हे एकदम पटलं. बसलेली सगळी पोरं “आबा आऊट! आबा आऊट!” करत उठली. मी मोठ्या बाईंकडे पाहिलं. त्यांनी पालकांकडे पाहिलं. पालक हसत होते. मग काय करता, निमूटपणे मैदानावर आखलेल्या फक्कीच्या पांढऱ्या रेघेबाहेर जाऊन गवतावर बसलो, इस्त्रीच्या शर्टासकट.

खेळाच्या बाई मोठ्या जिद्दीच्या. त्यांनी गाणं पुन्हा लावलं आणि खुर्ची स्वतः काढली. गाणं थांबताच मुलांनी त्यांनाही आऊट केलं. त्या माझ्या शेजारी येऊन बसल्या. मग मोठ्या बाई “आता बघते मी” म्हणून गेल्या आणि थोड्याच वेळात पदर सावरत परत आल्या. तोपर्यंत मुलांनी ढब्बूला मध्ये घेतलं होतं, आणि खुर्च्या कमी होतील तशी ती एकमेकांच्या मांडीवर बसत होती. त्या जोरदार वडिलांचा मुलगा एकटाच खुर्ची घट्ट धरून बसला होता. वडील ओरडले, “सोडू नकोस!” त्याने वडिलांकडे पाहिलं, ढब्बूकडे पाहिलं, आणि सरकून अर्धी जागा केली. वडिलांनी शूटिंगसाठी धरलेला मोबाइल खाली घेतला आणि उगाचच चष्मा पुसायला लागले. (मीही पुसला. धूळ होती.)

खेळ संपला असं कुणी जाहीर केलं नाही, गाणंच संपलं. बक्षिसाची रंगपेटी मुलांनी उघडून वाटून घेतली. मोठ्या बाईंना करडा रंग मिळाला. मी अजून गवतावरच होतो, कारण गुडघ्यांनी उठायला नकार दिला होता. तेवढ्यात ढब्बू एक पिवळी खुर्ची फरफटत घेऊन आला. गाल अजून ओले होते. म्हणाला, “आबा, तुम्ही बसा. खाली मुंग्या आहेत.” त्याच्यामागून भुंगा आली आणि माझ्या डोक्यावरून हात फिरवत म्हणाली, “रडू नको हं. परत काढू नको, मग तुला पण घेऊ.”

आता अशा वेळी ‘ही खुर्ची चार वर्षांच्या मुलांसाठी आहे’ असं कोण म्हणेल? मी बसलो. बसलो खरा, पण उठलो तेव्हा खुर्चीही बरोबर उठली. खुर्चीच्या दोन्ही हातांच्या मध्ये मी असा काही अडकलो, की खेळाच्या बाईंनी पुढून ओढलं, त्या वडिलांनी मागून खुर्ची धरली, आणि मुलांनी टाळ्या वाजवल्या. खुर्चीला काही झालं नाही. (आपला माल पक्का असतो.) जे झालं ते माझ्या कंबरेला. सूनबाई रोज शेकते, आणि शेकताना हसते.

सर्वांना यथायोग्य सांगणे. पत्राचं उत्तर पाठवायचं ते पाठव, पण आधी तब्येतीला जप.

तुझा,
शेंडेफळ

ता. क. : तुझ्या पंचाहत्तरीचं आमंत्रण मिळालं. सगळे येऊ. मी वाचून दाखवत होतो तेव्हा भुंगा बोटांवर माणसं मोजत होती. म्हणाली, मधली आजी येणार ना? मी म्हटलं, नाही. तिला बरं नाहीये? नाही गं, छान आहे. मग? मी सांगितलं की ताई आजी आणि मधली आजी बऱ्याच वर्षांपासून एकमेकींशी बोलत नाहीत. (का, ते तुम्हा दोघी बहिणींनाच ठाऊक, मला विचारशील तर तुम्हालाही नीट आठवत नसावं.) त्यावर भुंग्याने विचारलं, “मग आपण सगळे जाऊ तेव्हा मधली आजी काय करेल?” आणि तिने कुणी न सांगता दूध पिऊन टाकलं. आमच्या घरात हे काळजीचं लक्षण आहे. तेव्हा तिला काय उत्तर देऊ, ते तूच कळव.

आणखी एक ता. क. : मी तिला काही पढवलेलं नाही. तुझी शपथ.

शेवटचा ता. क. : भुंग्याचा प्रश्न पलीकडच्या गल्लीत मधलीच्या कानावर गेला, आणि तिने बॅग भरली आहे. मी नको म्हणत होतो, ताईची एक ओळ तरी येऊ दे म्हटलं. तर तिने ती रिकामी केली, आणि संध्याकाळी पुन्हा भरली. लवकर लिही.