मनोऱ्यावरचं फडकं

१२ मार्च

ति. ताईस धाकट्याचा नमस्कार.

पत्र पावलं. आबांना तुझ्याकडे शहरात न्यायचं, हे मलाही पटतं. डोंगरावर वणवा दिसतो का हे बघायला बांधलेला तो जुना मनोरा. नोकरी संपून किती वर्षं झाली, तरी आबा तिथल्याच खोलीत राहतात आणि रोज संध्याकाळी खांबावर पांढरं फडकं चढवतात. पांढरं म्हणजे सगळं ठीक, लाल म्हणजे आग. खालून बघतंय कोण?

वर येतात ते हौशी डोंगरचढे. देवाने दिलेले दोन पाय पुरत नाहीत म्हणून हातात दोन काठ्या. पोचले की डोंगराकडे पाठ करून स्वतःचेच फोटो काढतात. परवा एकाने आबांनाच बाजूला व्हायला सांगितलं, फोटोत मध्ये येत होते म्हणे.

आबांची अट तीच. गावातला एक जण जरी फडक्याकडे बघत असेल, तर उतरणार नाही.

माया आहे, ती असू दे.

धाकटा

१९ मार्च

चि. धाकट्यास आशीर्वाद.

मग सांग ना स्पष्ट, कुणी बघत नाही म्हणून. सुतारकी करून तुझी जीभही लाकडाची झाली का? हिवाळ्यात रात्री पाय घसरला, तेव्हा उजाडेपर्यंत एकटे पडून होते ते. नंदीबैलासारखी मान डोलावू नकोस. रविवारी वर जा आणि घेऊनच ये.

बोलले ते मायेनेच, असं समज.

ताई

२७ मार्च

ति. ताईस नमस्कार.

शनिवारीच जावं लागलं. संध्याकाळी रंधा मारताना मान वर गेली. रोज त्या वेळेला जातेच. खांबावर लाल दिसलं. आग झोडपायला ओलं पोतं खांद्यावर टाकून धावत डोंगर चढलो, तर कुणा शहाण्याने घामाने भिजलेलं लाल जाकीट खांबावर वाळत घातलेलं. वर त्याने पोत्यासकट माझा फोटो काढला, अस्सल डोंगरी माणूस म्हणून.

आबा बाहेर आले. पोतं बघून सगळं समजले. बाकीचे कुठे, म्हणाले. मागून येताहेत, असं ओठांवर आलं होतं. देवाला भिऊन ते गिळलं. बराच वेळ ते पायवाटेकडे बघत राहिले. मग म्हणाले, एक तरी आला, अट पुरी झाली, आता उतरणं नाही, ताईला कळव.

ताई, जिंकलेल्या माणसाचा चेहरा असा नसतो.

उद्यापासून रात्री झोपायला मी वर जाणार आहे.

रागाव हवं तर, पण तुटू नकोस.

धाकटा