प्रशांत, आई आणि एक पडेल सिनेमा

९ जाने., शुक्र.
आईंचा, म्हणजे सासूबाईंचा, गुडघा. नवीन पनवेलला फिजिओकडं नेलं. बाकावर खांदा धरून बसलेला माणूस म्हणाला, "मेधा ना तू?" प्रशांत. कॉलेजातला. वीसेक वर्षांनी. केस गेलेत. धक्का वगैरे बसायला हवा होता. मी विचारलं, "खांद्याला काय झालं?"
रिक्षात आई म्हणाल्या, कोण गं तो? ओळखीचा, म्हटलं.

१३ जाने., मंगळ.
परत तिथंच. आई आत, आम्ही बाहेर. तो कामोठ्याला एकटा राहतो, घटस्फोट झालाय. मी सांगितलं, माझा नवरा संजय गेला, दुसरं वर्ष. तळोज्याला कामावरच छातीत दुखलं. सांगताना माझा आवाज अजिबात हलत नाही. लोक त्याला धीर समजतात.
तेव्हा प्र. जपून शुद्ध बोलायचा, माझ्या बाबांना आवडावं म्हणून. तरी गावातला मुलगा नको म्हणाले बाबा. आता सरळ गावाकडचं हाय-नाय करतो. ऐकायला बरं वाटलं. बरं म्हणजे... असो.

१८ जाने., रवि.
प्र.बरोबर सिनेमा. आईंना खरं काय ते सांगून गेले. "स्वेटर ने, आत एसी असतो," एवढंच म्हणाल्या.
जुने प्रेमी, विमान चुकतं, एकाच हॉटेलात अडकतात. तोंडाला केक, नाच, शेवटी ती भर मंडपातून पळते. विनोदी म्हणे. पुढच्या रांगेतली मुलगी मोबाइल बघत बसली होती. सिनेमात कुणाला सासू नाही, कुणाचा गुडघा दुखत नाही.
इंटरव्हलला प्र. म्हणाला, "आपल्यावरच काढलाय." मी पॉपकॉर्न खात राहिले. नंतर त्यानं हात धरला. सोडवला नाही. धरलाही नाही.
बाहेर आल्यावर, "बकवास होता ना?" "हो." तेव्हा हसलो दोघं. जरासंच.

२२ जाने., गुरु.
सोसायटीत हळदीकुंकू. आम्हा दोघींना बोलावणं नाही. आईंनी टीव्हीचा आवाज वाढवला. मी काहीतरी वाटायची वाट बघत होते. भाजी लागली.

२५ जाने., रवि.
वडाळे तलावावर प्र.नं सरळच विचारलं. "लग्न करू. आईंना पण घेऊन ये. घर मोठं हाय."
म्हटलं, मला आतून काहीच वाटत नाही रे. तुझ्याबद्दल असं नाही, कशाबद्दलच.
"मलाबी पयल्यासारखं नाय वाटत. पण एकट्यानं जेवायचा कंटाळा आलाय."
सिनेमात असं कुणी बोललं नाही.

२७ जाने., मंगळ.
आईंना सांगितलं. गुडघ्याला तेल चोळत बसल्या बराच वेळ. मग, "संजयचा फोटो तिकडं लावू देईल का तो?"
"विचारलं नाही."
"विचार. नाही म्हणाला तर मी इथंच राहीन. तू जा."
तू जा, हे भाजी आण म्हणतात तशा आवाजात. तोंड मात्र भिंतीकडं. मी तेलाची बाटली घेतली आणि दुसरा गुडघा चोळला. तो दुखत नाही, तरी.

३० जाने., शुक्र.
प्र.ला फोन. फोटोचं विचारलं. मग, "लाव की. पण हॉलमध्ये समोरच नको."
आईंना जसंच्या तसं सांगितलं. वाटलं, झालं, संपलं, आता आई नाही म्हणतील. त्या म्हणाल्या, "रविवारी जेवायला बोलव. फोटोच्या भिंतीचं मी बघते बोलून."
बोलावलं. येतो म्हणाला.
आता आई विचारतायत, तिखट किती खातो तो?
मला आठवेना.