आधी शिक्षण, मग नोकरी, मग लग्न

बाई, तुम्हाला जाऊन आता बरीच वर्षं झाली. मी जळगावला पाइपच्या कारखान्यात तपासणी विभागात आहे. पाइपात पाणी भरायचं, दाब वाढवत न्यायचा आणि तो कितीला फुटतो ते लिहून ठेवायचं, हे माझं काम. तुम्हाला लिहायला बसले त्याचं कारणही कामाचंच आहे. सरकारी शाळांमध्ये नववीपासून ‘आयुष्यातले निर्णय आणि आर्थिक स्थैर्य’ हा विषय सक्तीचा करावा का, यावर धुळ्यात एक समिती मतं गोळा करते आहे. ‘यशस्वी माजी विद्यार्थिनी’ म्हणून त्यांनी माझंही मत मागवलंय. धड्याचा मसुदा मी दोनदा वाचला. आधी शिक्षण, मग नोकरी, मग लग्न, मग मूल. हा क्रम पाळला तर माणूस सहसा गरिबीत अडकत नाही, असं त्यात म्हटलंय. एरंडोलजवळच्या आमच्या गावात तुम्ही हे कुठल्याही मसुद्याशिवाय शिकवत होतात.

कार्यानुभवाचा तास. शेजारच्या वर्गात कागदाची फुलं चालली आहेत, तुम्ही आम्हाला चिठ्ठ्या वाटता. एकेका चिठ्ठीवर एकेक गोष्ट: बारावी, नोकरी, स्वतःचं बँक खातं, लग्न, मूल. त्या वहीत क्रमाने चिकटवायच्या. माझ्या बाकावरची मैत्रीण हात वर करते. “बाई, या चिठ्ठ्या मी चिकटवू का आमचे आबा?” वर्ग हसतो, तुम्ही हसत नाही. “फार शहाणी झालीस. बाहेर उभी राहा.” ती बाहेर जाते आणि खिडकीतून मला वेडावून दाखवते. माझा क्रम बरोबर आला होता. तुम्ही माझ्या वहीवर सही केलीत. तिच्या प्रश्नाचं उत्तर मात्र तेव्हा मिळालं नाही आणि या मसुद्यातही नाही.

दहावीची परीक्षा झाली आणि त्याच उन्हाळ्यात आम्हा दोघींना स्थळं आली. माझं तुम्हाला कळलं, कारण मी स्वतः एरंडोलला तुमच्या घरी येऊन तुम्हाला सांगितलं. दुसऱ्या दिवशी तुम्ही आमच्या घरी. आई चुलीवर बिबड्यांचं, ज्वारीच्या पापडांचं पीठ शिजवत होती. तुम्ही पाट ओढून तिथेच बसलात आणि वडिलांना स्वयंपाकघराच्या दाराशी बोलावून घेतलंत.

“नाना, पोरीला पॉलिटेक्निकला प्रवेश मिळेल. पाहुण्यांना नाही म्हणून कळवा.”

“आन फी कोन भरी, बाई?”

“फी सरकार भरेल, फॉर्म मी भरते. तुम्ही फक्त सही करायची.”

“बठ्ठा गाव माले हसी.”

“हसू द्या. हसायला फी लागत नाही.”

आई पदर तोंडाला लावून हसली. वडिलांनी तुमचंच पेन मागून घेतलं आणि सही केली.

दोन दिवसांनी मैत्रीण पिठाच्या गिरणीवर भेटली. तिचं घराबाहेर पडणं तेवढंच उरलं होतं. डबा खाली ठेवत ती म्हणाली, “बाईले सांग, मना घर बी ये म्हना.” मी हो म्हणाले. त्यानंतर फॉर्मच्या कामासाठी मी तुमच्याकडे तीनदा आले आणि तिन्ही वेळा तिचा निरोप दिला नाही. मी विसरले नव्हते. ‘बाई सोयरिका मोडत फिरते’ अशी कुजबुज गावात सुरू झाली होती. एका घरचं स्थळ मोडलेलं खपून गेलं होतं. तुम्ही दुसऱ्या घरी गेला असतात, तर तिचे वडील, आबा, जाब विचारायला आमच्या ओट्यावर येऊन बसले असते आणि वडिलांनी माझ्या फॉर्मवरची सही मागे घेतली असती. हे सगळं मी पंधराव्या वर्षी नीट मांडून पाहिलं होतं. तिला सांगितलं, बाई आजारी आहेत.

तिच्या लग्नात तुम्ही पंगतीला माझ्या शेजारी बसलात. म्हणालात, “वर्गात एवढी बोलायची आणि वेळेला तोंड उघडलं नाही बघ. माझं शिकवणं फुकट गेलं.” मी “हो बाई” म्हणाले आणि वाढप्याकडून अजून एक बट्टी मागून घेतली.

ती आता साक्रीला असते, ब्लाउज शिवते. तिची मुलगी तिथल्या सरकारी शाळेत आठवीत आहे. विषय सक्तीचा झाला तर पुढच्या वर्षी तो तिला असेल. म्हणून मत लिहिण्याआधी मी तिला फोन केला. धड्यात काय आहे ते सांगितलं. शिलाई मशीन न थांबवता ती म्हणाली, “शिकाडा ना. पन पोरीस्ले मांगून. पहिले त्यास्ना बापस्ले बसाडा बाकवर.” आणि स्वतःच मोठ्याने हसली.

विषय सक्तीचा करावा, असं मी लिहिलंय. एक अट घातली आहे: शिक्षकांनी वर्षातून एकदा प्रत्येक मुलीच्या घरी जायचं, हजेरीपटाच्या क्रमाने, कोणी बोलावो न बोलावो. त्यासाठी कुणाच्या निरोपाची गरज पडू नये. कारणाच्या रकान्यात ‘अनुभव’ एवढंच लिहिलं.

त्या दिवशी फोन ठेवताना तिने विचारलं होतं, “बाई तवय आजारी व्हत्यात, नही का?” मी पुन्हा हो म्हणाले.

हे पत्र तुम्हाला पाठवण्याचा प्रश्नच येत नाही. साक्रीचा पत्ता माझ्याकडे आहे, पिनकोडसकट. पाकीट मी आणलेलं नाही.