आईचं उरलेलं बोलणं

सान्ता लुसिया,
नोव्हेंबरअखेर

प्रिय फाउस्तिनो,

हे पत्र तुझ्या हाती पडेल की नाही, मला ठाऊक नाही. तुझा नंबर लावला की एक बाई इंग्रजीत काहीतरी सांगते आणि फोन कट होतो. शेजारच्या दोन्या होविताचा जावई नाताळनंतर परत तिकडे शिकागोला जाणार आहे. तू ज्या हॉटेलच्या स्वयंपाकघरात होतास तिथे चौकशी करीन म्हणाला. तू तिथे नसलास तरी तुझा ठावठिकाणा कुणाला तरी माहीत असेल, या आशेवर लिहायला बसले आहे.

गावचं तसं ठीक चाललंय. मृतांच्या दिवशी बाबांच्या थडग्यावर झेंडू वाहून आले. यंदा फुलं उशिरा आली, म्हणून सगळ्या गावाची धावपळ झाली. तुझ्या खोलीत आता माझी पुस्तकं आहेत आणि छपराचा तो कोपरा अजूनही गळतो. कुत्री म्हातारी झाली, पण पाव विकणाऱ्याची सायकल दिसली की अजून तितक्याच रागाने भुंकते. आई तिला जुन्या बोलीत शिव्या द्यायची, आठवतं? आपल्या वाट्याला नाहुआत्ल आली ती एवढीच, कुत्र्याकोंबड्यांना हाकलण्यापुरती. आणि आईबाबांची भांडणं. दार लोटून दोघं त्या बोलीत बोलायला लागली की तू माझ्याजवळ सरकायचास. कितीतरी वर्षं मला वाटायचं, ही भांडणाचीच भाषा आहे.

मी विद्यापीठात जुनी नाहुआत्ल शिकायला लागले तेव्हा तू अजून घरीच होतास. चारशे वर्षांपूर्वी पाद्र्यांनी आपल्या म्हाताऱ्यांकडून लिहून घेतलेली गाणी, देवांच्या कथा, मुलाबाळांना करायचे उपदेश, हे सगळं आम्ही ओळ ओळ फोडून वाचायचो. त्या जुन्या लोकांकडे कवितेला वेगळा शब्द नव्हता, ते ‘फूल, गाणं’ असे दोन शब्द जोडून म्हणायचे. मी हे घरी येऊन हरखून सांगितलं, तर आई चुलीसमोरून मान न वळवता म्हणाली, “मेलेल्यांशी बोलायला इतक्या लांब बसने जातेस होय?” तू केवढा हसला होतास. वर्गात सगळे धरून चालले होते की मी गावातली, म्हणजे मला बोलता येत असणार. मी हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. घरी येऊन आईला काही विचारलं की ती स्पॅनिशमध्ये उत्तर द्यायची, नाहीतर बादली उचलून विहिरीकडे जायची. लहानपणी शाळेत या बोलीसाठी तिच्या तळहातावर छड्या बसल्या होत्या. हे मला दोन्या होविताने सांगितलं. आई कधीच बोलली नाही.

फेब्रुवारीत ती गिरणीत मक्याचं पीठ दळायला गेली आणि तिथेच कोसळली. तुला मी फोनवर सांगितलं, छोटा झटका आहे, बरी होईल. कारण डॉक्टरही तेच म्हणत होते. इस्पितळात ती शुद्धीवर आली आणि बोलायला लागली, तेव्हा तो तरुण डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाला, “बोलणं सगळं विस्कटलंय, शब्दाला शब्द लागत नाही.” मी म्हटलं, “डॉक्टर, विस्कटलेलं नाही. ती नाहुआत्लमध्ये पाणी मागतेय.” तिची स्पॅनिश गेली होती, फाउस्तिनो. एका सकाळी, सगळीच्या सगळी. भाकरी, मीठ, आपली नावं सोडली तर काही उरलं नव्हतं. परत येईल, असं डॉक्टर म्हणाले. म्हणून तुला ते नीट सांगायचं मी पुढे ढकललं. तुला येता येणार नव्हतं. इकडे आलास तर कागदपत्रांशिवाय परत तिकडे जाता येणार नाही, आणि तिकडे तुझी मुलगी. तुझा जीव उगाच टांगणीला का लावा, असं वाटलं.

घरी आणल्यावर मी तिच्याशी बोलायला लागले. मला येत होती ती पुस्तकातली, पाद्र्यांच्या काळातली बोली. पाणी हवं का, एवढं विचारायला मी जे बोलले ते तिच्या कानाला ‘मातोश्री, आपणांस जलप्राशनाची इच्छा आहे काय’ असं काहीसं लागलं असणार. ती माझ्याकडे बघत राहिली आणि मग अर्ध्या तोंडाने हसायला लागली. हसता हसता तिला ठसका लागला. दोन्या होविताला म्हणाली, “ही पाद्रीण कुणी आणली घरात? मला तर कबुलीजबाबाला बसल्यासारखं वाटतंय.” होविताने मला ते स्पॅनिशमध्ये सांगितलं आणि आम्ही तिघी हसलो. त्या दिवसापासून तिने मला पाद्रीणच म्हणायला सुरुवात केली.

आणि मग मार्चमधल्या एका रविवारी तुझा फोन आला. त्या रविवाराबद्दल मला तुला सांगायचंच होतं. तू विचारलंस, आई आहे का, आणि मी घाईघाईत रिसीव्हर तिच्या हातात दिला. तुझा आवाज ऐकून तिची स्पॅनिश कुठून तरी उसळून येईल, अशी वेडी आशा होती मला. ती तुझ्याशी नाहुआत्लमध्ये बोलायला लागली. हळू, थांबून थांबून, पण एका लयीत. मला तुझा आवाज रिसीव्हरबाहेर ऐकू येत होता. “आई, स्पॅनिशमध्ये बोल ना. आई, मला कळत नाही.” ती थांबली नाही. मग तू म्हणालास, “म्हणजे अजून राग गेला नाही तुझा. बरं.” मी रिसीव्हर घ्यायला धावले तोवर तू ठेवला होतास. नंतर तुझा फोन आला नाही, आणि माझा लागला नाही.

तुला वाटलं असणार की न सांगता गेल्याची शिक्षा म्हणून ती मुद्दाम परक्यासारखी बोलली. तसं नव्हतं रे. तिच्याकडे दुसरं काही उरलंच नव्हतं.

उन्हाळाभर मी तिच्याजवळ बसून शिकले. ती एका हाताने भाजीच्या निवडुंगाचे काटे तासायची आणि मी चुकत चुकत बोलायची. एके दिवशी धीर करून विचारलं, ही बोली आम्हाला का नाही दिलीस? ती एकच शब्द बोलली. ओनिक्तलाती. त्यातला ‘ला’ दीर्घ म्हटला तर अर्थ होतो, मी लपवली. ऱ्हस्व म्हटला तर, मी जाळली. पाद्री ऱ्हस्व-दीर्घ लिहायचे नाहीत, दोन्ही शब्द कागदावर सारखेच दिसतात. एका गाण्यातल्या याच शब्दावरून आमच्या वर्गात सबंध सत्र वाद चालला होता. आणि आता जिवंत माणूस समोर बसून तो उच्चारत होतं, तरी माझ्या कानाला फरक कळेना. मी पुन्हा म्हणायला लावलं, पुन्हा लावलं. “बहिरी आहेस का?” म्हणाली. शेवटी मी विचारलं, पाचोळ्यासारखी जाळलीस, की बी-बियाण्यासारखी लपवलीस? तिने सुरी खाली ठेवली. “लपवली,” म्हणाली. “जाळायचीच होती. हात धजला नाही.” आपण लहान असताना कुणीतरी तिला हे विचारायला हवं होतं, असं वाटत राहिलं.

आता मी त्याच विद्यापीठात शिकवते. सप्टेंबरमध्ये मी विद्यार्थ्यांना जुने उपदेश शिकवत होते. घर सोडून निघालेल्या मुलाला आईबाप उंबऱ्यात उभे राहून जे बोल बोलायचे, ते. वाचता वाचता लक्षात आलं. त्या रविवारी आईच्या बोलण्याला हीच चाल होती. एकच गोष्ट दोनदा, वेगळ्या शब्दांत सांगायची. आधी आपल्या तोंडी शब्द थोडे आहेत म्हणून क्षमा मागायची, मग वाट, थंडी, परकं घर. वर्ग तसाच सोडून घरी आले आणि तिला विचारलं, फाउस्तिनोला फोनवर काय म्हणालीस? तिला वाटलं, मला ठाऊकच आहे. तिचे वडील तिच्या भावाला असंच बोलले होते, तो उत्तरेला रेल्वेच्या कामावर निघाला तेव्हा. तू पहाटे निघून गेलास आणि तुला हे बोल द्यायचे राहून गेले, हे तिच्या मनात इतकी वर्षं होतं. मग रोज थोडं थोडं करून तिने ते मला सांगितलं. दमली की थांबायची. अडलं तिथे होविता समजावून द्यायची. शेवटच्या ओळीपर्यंत आलो आणि त्याच आठवड्यात तिला दुसरा झटका आला.

आता ती बोलत नाही. कोणत्याच भाषेत नाही. उन्हात बसते, भरवलं तर खाते, कुत्रीच्या डोक्यावर हात ठेवते. आता यातून परत काही यायचं नाही, असं डॉक्टर म्हणतात. तू फोन केलास तर मी रिसीव्हर तिच्या कानाला धरीन, तू स्पॅनिशमध्ये बोल, काहीही बोल. पण तिचं बोलणं तुला यापुढे ऐकता येणार नाही, म्हणून मी हे लिहिते आहे. तू फोन ठेवलास तेव्हा ती क्षमा मागून नुकती कुठे सुरुवात करत होती, आणि तुझा आवाज गेल्यावरही ती बोलतच राहिली होती. ती जे बोलली ते असं: “पोरा, माझ्या रक्ता, तू निघालास तेव्हा मी जागी होते. डोळे मिटून पडून राहिले. उठले असते तर तुला धरून ठेवलं असतं, तुला बांधून ठेवलं असतं. कुत्री भुंकायची थांबली तेव्हा कळलं, तू वळणापलीकडे गेलास. माझा राग नाही, माझ्या मनात काटा नाही. थंडीत कुणीतरी तुला चुलीजवळ जागा देवो, शेकोटीजवळ जागा देवो. थकशील तिथे बस, लाजू नकोस. तुझ्या लेकीला माझं नाव सांग. परत यायला जमलं नाही, तर नाही जमलं. तू कुठेही जेवलास तरी माझ्या घरीच जेवलास. आता नीघ, पोरा. उजाडायच्या आत डोंगर ओलांड.”

तुझीच,
लिब्रादा