चार हजार पंच्याण्णव वॅट

१२ जुलै
डायरी, चार महिने तुला हात लावला नाही, माफ कर. लिहिण्यासारखं नव्हतं असं नाही. लिहिलं की खरं ठरेल, म्हणून टाळत होते.

आमच्या मदरबोर्डवरचे प्रोसेसर मरताहेत. आज दक्षिणेकडच्या ताइनान शहरातून आणखी अकरा परत आले. खेळता खेळता स्क्रीन निळी होते, पुढं संगणक चालूच होत नाही.

प्रोसेसर बनवणारे लिहून देतात – दोनशे त्रेपन्न वॅटच्या वर जाऊ नका. बोर्डात मी आकडा भरला चार हजार पंच्याण्णव. म्हणजे मर्यादाच नाही. हवी तेवढी वीज ओढ, हवा तेवढा ताप. ‘सगळेच मोकळं सोडतात,’ वेई साहेब तेव्हा म्हणाले होते. वेगात दोन टक्के मागं पडलो तर आपला बोर्ड कोण घेणार?

मी तपासलं होतं – बावीस अंशांच्या एसी खोलीत. ताइनानच्या खोल्या उन्हाळ्यात चौतीस अंशांवर असतात. हे मला माहीत नव्हतं? मी ताइनानचीच आहे!

१४ जुलै
यंत्रांनी नीट वागावं म्हणून चाचणीच्या टेबलावर ठेवतो त्या खाऊच्या हिरव्या पुड्या साहेबांनी बदलायला लावल्या. जुन्यांची तारीख उलटली होती, म्हणून यंत्रं रुसली म्हणे. एरवी आम्ही हसलो असतो.

दुपारी ठरलं – दोष प्रोसेसर थंड ठेवणाऱ्या कूलरचा. कूलर सानचोंगच्या च्यूकाकांच्या वर्कशॉपातले. अहवाल मी लिहायचा.

१७ जुलै
सही केली.

२० जुलै
च्यूकाका आले. भांडायला नाही – आंब्यांची पेटी घेऊन, माफी मागायला. अहवालाची बातमी पसरली, इतर गिऱ्हाइकांनीही कामं थांबवली. सोमवारी वर्कशॉपातलं प्रेस यंत्र विकताहेत. सोळाव्या वर्षापासून तांब्याच्या नळ्या वाकवतोय म्हणाले. अहवाल तीनदा वाचला, पण चूक सापडत नाही. साहेब त्यांच्याशी फार गोड बोलले.

जिन्यात काकांनी मला एकटीला गाठलं. “पोरी, तू शिकलेली. माझं नेमकं कुठं चुकलं तेवढं सांग. प्रेस घेणाऱ्याला खरं सांगायला पाहिजे.”

बघून सांगते, म्हटलं मी. बघून! आणि आंबे घेतले.

२१ जुलै
पेटी उघडवत नाही. अहवाल मागं घेतला तर नोकरी जाईल, सेहेचाळिसाव्या वर्षी मला कोण घेणार? आणि मागं घेतलाच, तर तो काकांसाठी, की मला झोप लागावी म्हणून?

२३ जुलै, रविवार
लॅबमध्ये एकटीच. एसी बंद, खिडक्या बंद, चौतीस अंश. नवा प्रोसेसर, काकांचाच कूलर. दोनशे त्रेपन्नाची मर्यादा घातली – चार तास ब्याण्णव अंशांवर स्थिर. मर्यादा काढली – चाळीस सेकंदांत शंभर, प्रोसेसरला सोसवेल त्याची कड.

आकडे कागदावर उतरवले. खाली लिहिलं : मर्यादा मी काढली, लिन यीचुन. एक प्रत साहेबांना पाठवली.

उद्या : प्रेस न्यायला माणूस यायच्या आत सानचोंगला जाऊन कागद च्यूकाकांच्या हातात देणे.