मामाच्या जागी कोण उभं राहिलं

अप्पा,

आज मंगळवार, सकाळचे साडेसात. फाट्यावरच्या पंक्चरच्या दुकानाचं शटर मी अर्धंच वर केलं आहे आणि पाण्याच्या घमेल्याजवळ बसून हे लिहितो आहे. अकरा वाजता औरादला ठाण्यात जबाब द्यायचा आहे. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की तुमचा आवाज मला नीट आठवत नव्हता. गेल्या आठवड्यात एका माणसानं तो आठवून दिला. कोणी, ते सांगतो, पण क्रमानं सांगतो, नाहीतर माझा गोंधळ होतो.

संतपूरच्या रस्त्याला आपलं पत्र्याचं शेड होतं. आत एक टीव्ही, एक सीडीचं यंत्र आणि खाली पोती अंथरलेली. हैदराबादकडून स्वस्तात येणाऱ्या तेलुगू सिनेमांच्या सीड्या तुम्ही लावायचात, आणि लोकांना भाषा कळत नाही म्हणून टीव्हीच्या शेजारी उभं राहून सगळा सिनेमा मराठीत सांगायचात. डॉनचा आवाज जाड, त्याच्या आईचा बारीक, पोलिसाचा नाकातून. जहीराबादच्या बाजारात हमाली करताना शिकलेली अर्धी तेलुगू तुम्हाला येत होती, उरलेली अर्धी तुम्ही रचायचात. लोक म्हणायचे, पिच्चरपेक्षा सांगणाराच भारी. बाहेरच्या पाटीवर सिनेमाचं नाव मी खडूनं लिहायचो. एकदा वेलांटी चुकली तेव्हा तुम्ही पाटी पुसून माझ्या हातात परत दिलीत. ''लोक पाटी बघून आत येतेत. पाटीच लंगडी तर आत काय असंल?'' शाळा नववीत सुटली, पण वेलांटीची भीती अजून सुटलेली नाही.

त्यातला एक सिनेमा तुम्ही पुन्हा पुन्हा लावलात. एक डॉन असतो, गरिबांच्या मुलींची लग्नं लावून देतो, पोरांना मांडीवर घेऊन जेवतो, आणि पोलिसांकडे गेलेल्या सख्ख्या भावाला मारून टाकतो. नंतर आईसाठी सोन्याच्या बांगड्या घेऊन येतो. तिथे तुम्ही आवाज खाली आणायचात. तुमच्या सांगण्यातली डॉनची आई म्हणायची, ''लेकरा, ह्या बांगड्या घातलेल्या हातानं मला भाकर थापता येणार न्हाई.'' सगळं शेड टाळ्या वाजवायचं. मागच्या वर्षी तोच सिनेमा मला मोबाईलवर हिंदीत सापडला. अप्पा, त्यात आई काहीच बोलत नाही. ती बांगड्या घालते, मुलाच्या डोक्यावर हात ठेवते आणि संगीत सुरू होतं. मी तो भाग तीनदा मागे नेऊन बघितला. तुम्हाला तिथली तेलुगू कळली नसेल असं म्हणावं, तर तिथे बोलणंच नव्हतं.

पहिल्या ओळीत पोत्यांवर न बसता खुर्चीवर बसणारा एक माणूस तुम्हाला आठवत असेल. तेव्हा त्याचा एकच ट्रॅक्टर होता. आता मुरमाच्या खाणी आहेत, टिपर आहेत, आणि सगळं गाव त्यांना मामा म्हणतं. ज्या मुलीला मामा नाही, किंवा मामा आहे पण आहेर करायची ऐपत नाही, तिच्या लग्नात ते स्वतः नवरीच्या मागे उभे राहतात. भांडी देतात, साडी देतात, डोळे पुसतात. डोळे पुसतात ते खोटं नसतं, मी जवळून बघितलं आहे. बदल्यात काही मागत नाहीत. पण ज्या घरात ते मामा म्हणून उभे राहिले, त्या घराला नंतर त्यांना नाही म्हणता येत नाही. मामाला नाही कसं म्हणायचं?

दिवाळीनंतर एका दुपारी माझ्या दुकानासमोर त्यांच्या टिपरनं मेंढ्या घेऊन चाललेल्या एका म्हाताऱ्याला उडवलं. तो जागीच गेला. टिपरच्या चालकाच्या बाजूनं मामांचा धाकटा मुलगा उतरला, हे मी हातात टायर धरून बघितलं. संध्याकाळी ठाण्यात त्यांच्या पगारी ड्रायव्हरनं सांगितलं की गाडी मीच चालवत होतो. तो अजून आत आहे. त्याची बायको दुकानात आली होती. ''माझ्या पोरीच्या मागं उभारले हुते मामा,'' ती म्हणाली. ''भाचीच्या बापानं एवढंबी करू नये का, म्हनतेत.'' मग माझ्याकडे बघून, ''तुमी बघितलाव ना?'' मी ट्यूब पाण्यात दाबून धरली आणि बुडबुडे बघत राहिलो. तुमच्या सिनेमांत डॉनचं घर इतक्या वेळा दिसतं की ते आपलंच वाटायला लागतं. वाटेत मेलेल्या माणसाचं घर एकदाही दिसत नाही. त्या दिवशी मेंढ्या अंधार पडेपर्यंत रस्त्याच्या कडेला उभ्या होत्या, कुणीतरी हाक मारेल म्हणून.

त्यानंतर ताईचं लग्न ठरलं. आईला भाऊ नाही, हे गावाला माहीत आहे. मामांचा निरोप आला, मी उभारतो. अपघाताबद्दल एक अक्षर नाही.

मी पत्रिका घेऊन त्यांच्या घरी गेलो. ते नातवाला मांडीवर घेऊन टीव्ही बघत होते, आणि टीव्हीवर तोच सिनेमा होता.

''ये बाबा. चहा आना रे पंक्चरवाल्याला. माय बरी हाय का? तुजा बाप लई झ्याक सांगायचा बघ ह्ये पिच्चर. आमच्या नातवाला सांग की जरा.'' बांगड्यांचा प्रसंग आला तसा त्यांनी आवाज बंद केला. ''हं. माय काय म्हनती?''

ती काही म्हणत नाही, हे मला माहीत होतं. तसं सांगितलं असतं तर ते मामा म्हणून उभे राहण्याला माझाही होकार झाला असता. मी म्हणालो, ''ती म्हणती, लेकरा, ह्या बांगड्या घातलेल्या हातानं मला भाकर थापता येणार न्हाई.''

''आज्जा, ती तर घालायलीय की बांगड्या!'' नातू ओरडला.

मामा पोट धरून हसले. मग म्हणाले, ''तुज्या बापानंबी असंच सांगितलं हुतं. पिच्चरमधी तसं न्हाई, मला तवाच ठावं हुतं. त्याच्यापरीस बरी तेलुगू येती मला. माझ्याकडं बघून बोलला, आन असाच आवाज कापायला हुता त्याचा.''

''मग तुम्ही काय केलाव?''

''काय करू? समदे टाळ्या वाजवायले हुते. म्याबी वाजिवल्या.'' त्यांनी चहा संपवून कप खाली ठेवला. ''मंग मामा कोन उभारनार?''

''आईच उभारणार हाय.''

''बाई मानूस? मामाच्या जागी?''

''व्हय.''

''बरं. जेवायला तरी बोलवायलास न्हवं?'' त्यांनी पत्रिका घेतली, कपाळाला लावली. ''दुकान फाट्यावरच हाय न्हवं तुजं? जागा चांगली हाय.''

घरी येऊन आईला सांगितलं तर ती भडकली. ''मला इचारलास का? शहाना झालास?'' जरा वेळानं चुलीपुढूनच म्हणाली, ''साडी कंची नेसू मंग?''

परवा, रविवारी, माईकवाल्यानं नवरीच्या मामांना बोलावलं आणि आई हिरव्या लुगड्यात चालत गेली, ताईच्या मागे उभी राहिली. बायका कुजबुजल्या. मामा पहिल्या ओळीत खुर्चीवर होते. त्यांनी अक्षता टाकल्या, जेवले, आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून गेले. तो हात मला अजून जाणवतो.

आता लोक म्हणतात, पोरगं बापावर गेलं, भीत नाही. मी लहानपणी तुमच्याबद्दल हेच समजत होतो, तुम्ही भीत नाही असं. तुमचा आवाज कापत होता, हे मला त्यांच्याकडून कळावं लागलं. त्याचं वाईट वाटलं, आणि नंतर जरा बरंही वाटलं. पण तुमच्यापाशी टीव्ही होता. ते वाक्य तुम्ही त्या आईच्या तोंडी घातलंत, आणि मी तुमच्या तोंडून उचललं. आज ठाण्यात कुठलाच सिनेमा चालू नसेल. त्या दिवशी टिपरमधून कोण उतरलं, ते मला माझ्याच तोंडानं सांगायचं आहे.

हा कागद ट्यूब चिकटवायच्या सोल्युशनच्या डब्याखाली ठेवतो आहे. आणि खरं सांगायचं तर, अप्पा, सकाळपासून मी एखाद्या पंक्चर झालेल्या गाडीची वाट बघतो आहे. गाडी आली असती तर कामात अडकलो म्हणता आलं असतं. पण रविवारपासून फाट्यावर कुणीच थांबत नाही. समोरून टिपर जातात, हॉर्नसुद्धा वाजवत नाहीत. आता औरादची नऊची बस दिसायला लागली आहे.